भीष्मांना न विचारलेला प्रश्न

कारभार हाती घेणे म्हणजे काय, या विषयावरची आपल्याकडची सर्वांत लांब मुलाखत मरणाच्या दारात पडलेल्या एका सेनापतीची आहे. विचारणारा नुकताच गादीवर बसलेला राजा, सांगणारे त्याचे आजोबा. आजोबांच्या अंगात बाण रुतलेले, आणि तेही नातवाच्याच बाजूने मारलेले. महाभारताच्या शांतिपर्वात हा संवाद सुरू होतो आणि पुढच्या अनुशासनपर्वातही संपता संपत नाही. अठरा पर्वांत शांतिपर्वाएवढे मोठे दुसरे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. तीत श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी संपादिलेल्या या पर्वाचे ३५३ अध्याय आहेत आणि त्यांतले पहिले १२८ राजधर्माचे.

एवढा मोठा ऐवज म्हटल्यावर लोक उत्तरांकडे धावतात. कर किती घ्यावा, हेर कुठे पेरावेत, अमात्य कसा पारखावा, शत्रूशी तह कधी करावा. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांना पुरेल इतका मालमसाला तिथे आहेच. पण एखाद्या नेत्याची मुलाखत घ्यायची म्हणून वही-पेन घेऊन बसलेल्या माणसाने, मग ती दिवाळी अंकासाठी असो की व्यासपीठावरची प्रकट मुलाखत, शांतिपर्व उलट्या बाजूने वाचावे. उत्तरे बाजूला ठेवून विचारणाऱ्याकडे पाहावे. ही भेट ठरली कशी, कोणी ठरवली, विचारणारा कोणत्या मनःस्थितीत गेला, त्याने काय विचारले आणि कशाला बगल दिली? असे वाचले की एक जुना, धर्माचा म्हणावा असा प्रश्न वर येतो. अधिकार नको म्हणणारा माणूस त्या अधिकाराच्या पापातून सुटतो का?

धर्मराज युधिष्ठिराला अधिकार नकोच होता. युद्ध संपले, तर्पणाच्या वेळी कर्ण आपला थोरला भाऊ होता हे कुंतीच्या तोंडून कळले, आणि त्याचे मन राज्यावरून पार उडाले. वनात जातो, म्हणाला. त्यावर घरात जो वाद पेटला, तो शांतिपर्वाच्या आरंभीचे बरेच अध्याय व्यापतो. अर्जुनाने राज्य आणि दंड यांची बाजू मांडली. भीमाने सांगितले की विहीर खणायला उतरावे आणि पाणी लागायच्या आत नुसते चिखलाने माखून वर यावे, तसे हे चालले आहे. द्रौपदी तर थोरल्याच्या डोक्यावर परिणाम झाला की धाकटेही त्याच्यामागे फरफटतात, इथपर्यंत बोलली. नकुल-सहदेव बोलले, ऋषी बोलले, व्यास आणि कृष्ण बोलले. अखेर तो हस्तिनापुरात आला आणि गादीवर बसला. पटल्यामुळे बसला की थकल्यामुळे, हे ठरवणे अवघड आहे.

नगरप्रवेशाच्या वेळचा एक प्रसंग सहसा कोणी सांगत नाही. जयजयकार करणाऱ्या ब्राह्मणांच्या गर्दीतून चार्वाक नावाचा एक जण पुढे आला. तो दुर्योधनाचा मित्र, राक्षस, भिक्षूचे सोंग घेतलेला. सगळ्या ब्राह्मणांच्या वतीने बोलतो आहे असे भासवून त्याने नव्या राजाला तोंडावर सुनावले: आप्तांचा घात केलास, वडीलधाऱ्यांना मारलेस, आता राज्य घेऊन करणार काय? धर्मराजाची मान खाली गेली. बाकीचे ब्राह्मण म्हणाले, हे आमचे बोलणे नव्हे. मग त्यांनी नुसत्या हुंकाराने चार्वाकाला जाळून टाकले. नव्या राजवटीतला पहिला अडचणीचा प्रश्न आणि तो विचारणारा, दोघांचीही अशी एकदम वासलात लागली. माणूस सोंगाडा होता, हेतू वाईट होता, सगळे खरे. पण जो प्रश्न त्याने विचारला तोच धर्मराज रात्रंदिवस स्वतःला विचारत होता, आणि त्या मंडळींतल्या कोणाला त्याचे उत्तर द्यावेसे वाटले नाही.

भीष्मांकडे जाण्याची कल्पना कृष्णाची. कृष्ण ध्यानात बसलेला दिसला, धर्मराजाने विचारले की तू कोणाचे ध्यान करतोस, तेव्हा कळले की शरपंजरी पडलेले भीष्म कृष्णाचे स्मरण करत आहेत आणि कृष्णाचे मन त्यांच्याकडे लागले आहे. कृष्णाने सुचवले की हा माणूस मावळला की त्याच्याबरोबर पुष्कळ ज्ञान मावळेल, काय विचारायचे ते आता विचारून घे. मंडळी रथांत बसून कुरुक्षेत्रावर गेली. पण पहिल्या दिवशी मुलाखत झालीच नाही. भीष्मांनी सांगितले की अंगाची आग होते आहे, बुद्धी चालत नाही, जीभ वळत नाही, आणि शिवाय कृष्णासारखा गुरू समोर असताना मी काय बोलणार. कृष्णाने वर दिला: वेदना, दाह, तहान, भूक काही जाणवणार नाही, सगळे स्वच्छ आठवेल. तोवर सूर्य कलला. सगळे परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराजाने जे केले, ते कोणत्याही मुलाखतकाराने टिपून ठेवावे. रथ जोडायला सांगताना त्याने अर्जुनाला बजावले की आज सैन्य बरोबर नको. आपण आपलेच जाऊ. पितामहांना त्रास व्हायला नको, आणि आजपासून ते मनातल्या गोष्टी बोलतील, तेव्हा बघ्यांची गर्दीही नको. राजेपणाचा लवाजमा मागे ठेवल्याशिवाय राजेपणाबद्दल खरे बोलणे होणार नाही, हे त्याला कळत होते. नेत्याच्या केबिनमध्ये स्वीय सहायक, दोन नगरसेवक आणि मोबाइलवर चित्रण करणारा एक पुतण्या बसलेला असताना मुलाखत उरकणाऱ्यांना याचा अर्थ चटकन समजेल.

तरी तिथे पोहोचल्यावर गाडे पुन्हा अडलेच. कोणी बोलेना, सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. भीष्मांनी विचारले की प्रश्न धर्मराज का विचारत नाही. कृष्णाने सांगितले की त्याला लाज वाटते आहे. ज्यांची पूजा करायची त्यांच्यावर बाण चालवले, आता शापाच्या भीतीने तो जवळ येत नाही. भीष्मांनी तो विषय स्वतः मिटवला. युद्धात समोर आलेल्याला मारणे हा क्षत्रियाचा धर्म, त्यात लाजायचे कारण नाही. तेव्हा कुठे धर्मराज पुढे झाला, पाय धरले. भीष्मांनी त्याचे मस्तक हुंगले, बस म्हणाले, निर्धास्तपणे विचार म्हणाले.

पहिला प्रश्न तसा साधाच आहे. धर्म जाणणारे राजधर्माला सर्वांत श्रेष्ठ म्हणतात, मला मात्र ते मोठे ओझे वाटते, तेव्हा ते समजावून सांगा. थोड्याच अध्यायांनंतर मात्र त्याने जे विचारले, त्याला तोड नाही. राजालाही इतरांसारखेच हात, तशीच मान, तसेच पोट, तशीच पाठ. सुखदुःख तेच, हाडेमांस तेच, जन्म आणि मरण तेच. मग एकटा माणूस आपल्यापेक्षा शहाण्या आणि शूर अशा अनेकांवर राज्य कसे काय करतो? दोन-अडीच हजार वर्षांत राज्यशास्त्राला याहून मुळाशी जाणारा प्रश्न फारसा सुचलेला नाही. विचारणारा स्वतः राजा आहे आणि आपल्याच हातांकडे पाहून विचारतो आहे, यात त्याची ताकद आहे.

भीष्मांनी उत्तरादाखल मोठी कथा सांगितली. आरंभी राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता आणि दंड देणाराही नव्हता. लोक धर्मानेच एकमेकांना सांभाळत. मग थकवा आला, मोह आला, लोभ आला. ब्रह्मदेवाने एक लाख अध्यायांचे शास्त्र रचले. वेन नावाचा राजा अन्यायी निघाला, ऋषींनी त्याला मंत्रित कुशांनी मारले, त्याच्या उजव्या हातातून पृथू जन्मला, त्याला शपथ घ्यायला लावली, विष्णूने त्याच्यात प्रवेश केला. कथा सुरेख आहे, पण प्रश्न होता सारख्या हातांचा आणि उत्तरात देव आला. इथे मुलाखतीतला प्रश्न उत्तराहून थोर ठरला आहे.

याच राजधर्मात मनूची गोष्ट येते, आणि ‘नको नको’ म्हणणाऱ्या नेत्यांची ती मूळ गोष्ट म्हणायला हरकत नाही. बळी तो कान पिळी अशा अवस्थेला कंटाळलेले लोक ब्रह्मदेवाकडे गेले. त्याने मनूकडे बोट दाखवले. मनू राजी होईना. पापाची भीती वाटते, राज्य चालवणे महाकठीण, त्यातून खोटे वागणाऱ्या माणसांचे तर फारच. लोकांनी मग बोली केली. पशू आणि सोने यांचा पन्नासावा हिस्सा, धान्याचा दहावा, आणि प्रजा जे पुण्य करील त्याचा चौथा. पाप ज्याचे त्याला लागेल, तुम्ही चिंता करू नका. मनू तयार झाला.

अनेक परंपरांनी या संकोचाला पुण्याईचा दर्जा दिला आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस सांगतो की भली माणसे सत्ता स्वीकारतात ती आपल्याहून वाईट माणसाच्या ताब्यात जायची वेळ येऊ नये म्हणून. बायबलातला मोशे जळत्या झुडपासमोर एकामागून एक सबबी सांगतो. मी कोण, लोक विश्वास ठेवणार नाहीत, माझी जीभ जड आहे. शेवटी भाऊ अहरोन बोलायला बरोबर मिळतो तेव्हा निघतो. इस्लामच्या हदीसांमध्ये अधिकारपद मागू नका असा उपदेश आहे. ज्याला हाव आहे त्याच्या हाती काठी देऊ नये, हे शहाणपण सगळीकडे सारखेच.

पण हे शहाणपण सगळ्यांना ठाऊक झाले की त्याची चाल होते. महाराष्ट्रात ‘कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर’ भरलेल्या उमेदवारी अर्जांची संख्या मोजायला गेले तर आपणहून कोणी निवडणूक लढवतच नाही असे वाटेल. पक्षाने जबाबदारी दिली, हायकमांडने सांगितले, समाजाची इच्छा होती. मुलाखतीत ‘तुम्हाला हे पद हवे होते का’ असे विचारणे म्हणूनच फुकट जाते. उत्तर तयार असते, आणि मनूच्या काळापासून तयार आहे. मुलाखतकाराने संकोचाचे कौतुक करण्याऐवजी त्यापुढची बोली वाचावी. नको म्हणता म्हणता काय मिळाले, आणि पाप कोणाच्या खात्यावर टाकायचे ठरले?

भीष्मांचा संकोच मनूहून वेगळा होता. त्यांनी खरोखरच गादी सोडली. वडिलांना सत्यवती हवी होती, तिच्या बापाने तिच्या मुलाला राज्य मागितले, आणि देवव्रताने राज्य आणि लग्न दोन्ही आयुष्यभरासाठी टाकले. पण कारभार? तो सुटला नाही. धाकट्या सावत्र भावासाठी काशीच्या तीन राजकन्या त्यांनीच जिंकून आणल्या, आंधळ्या धृतराष्ट्रासाठी गांधारीला मागणी त्यांनीच घातली, पंडूसाठी माद्री द्रव्य मोजून आणली तीही त्यांनीच. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या बायकांच्या बाजूने भीष्मांकडे पाहिले आहे. १९६७ सालच्या या पुस्तकाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यागाची प्रतिज्ञा करून सगळ्यांच्या आयुष्याचे निर्णय घेत राहणारा हा माणूस कर्वे यांनी डोळे दिपू न देता वाचला. पद नाही, म्हणून जाब नाही. आणि शब्द मात्र अखेरचा. सहकारी संस्थांत, देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांत, मोठ्या कुटुंबांत असे भीष्म आजही भेटतात. त्यांची मुलाखत घ्यायची तर पदांची यादी वाचून भागत नाही.

अशा माणसासमोर बसण्याआधी विचारणाऱ्याने स्वतःला कसे तयार करावे, याची दोन उदाहरणे जुन्या ग्रंथांत फार चांगली आहेत. ‘प्रश्नोपनिषदा’त सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. त्यांतला एक भार्गव चक्क वैदर्भी, म्हणजे आपल्याकडचाच. पिप्पलाद त्यांना सांगतात की आधी वर्षभर इथे तपाने, श्रद्धेने राहा, मग हवे ते विचारा. ठाऊक असेल तर सगळे सांगू. त्या ‘असेल तर’मध्ये सांगणाऱ्याचाही प्रामाणिकपणा आहे. सहावा प्रश्न सुकेशा भारद्वाजाचा. तो म्हणतो, कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ माझ्याकडे आला होता, सोळा कलांच्या पुरुषाबद्दल त्याने विचारले, मला माहीत नव्हते, तसे मी सांगितले, तो न बोलता रथात चढून निघून गेला. तेच आता तुम्हाला विचारतो. ज्या प्रश्नापुढे आपण स्वतः निरुत्तर झालो, तोच घेऊन दुसऱ्याकडे जायचे, ही तयारी कुठल्याही टिपणवहीपेक्षा मोठी आहे.

दुसरे उदाहरण पाली ‘मिलिंदपञ्हा’तले. सागल नगरीचा यवन राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला संवादाचे आवाहन करतो. नागसेन विचारतो, पंडितासारखे बोलणार की राजासारखे? पंडितांच्या वादात पेच पडतो, चूक दाखवली जाते, कोणी रागावत नाही. राजे एखादी गोष्ट ठरवतात आणि न पटणाऱ्याला शिक्षा करतात. राजा पंडितासारखे बोलायचे कबूल करतो, तेव्हाच बोलणे सुरू होते. इथे राजा विचारणारा आणि भिक्षू सांगणारा आहे, तरी अट लागू पडतेच. ज्या खोलीत चूक दाखवता येत नाही, तिथे मुलाखत होत नाही; फार तर मनोगत टिपून घेतले जाते.

सगळी तयारी नम्रतेचीच असते असे मात्र नाही. इटालियन पत्रकार ओरियाना फालाची १९७२ च्या नोव्हेंबरात अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांच्यासमोर बसली. व्हिएतनामवर ते ठरीव बोलत राहिले. मग तिने त्यांना विचारले की तुमची एवढी लोकप्रियता आली कुठून. किसिंजर यांनी स्वतःची तुलना घोड्यावर बसून एकट्याने गावात शिरणाऱ्या काउबॉयशी केली. निक्सन यांच्या कारकिर्दीत, राष्ट्राध्यक्ष दुसराच असताना! पत्रकाराशी झालेले आपले सर्वांत घातक संभाषण हेच, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहिले. खुशामतीसारख्या दिसणाऱ्या एका प्रश्नाने, कारभार खरा कोणाचा असे त्यांना वाटते, ते बाहेर आले. धर्मराजाच्या अंगात ही चलाखी नव्हती, आणि भीष्मांना ती चालली असती असेही नाही.

धर्मराजाकडे दुसरा एक गुण होता. उत्तर पटले नाही तर तो तसे म्हणे. शांतिपर्वातल्याच आपद्धर्म या भागात भीष्म विश्वामित्रांची गोष्ट सांगतात. बारा वर्षांचा दुष्काळ, भुकेने व्याकूळ ऋषी, चांडाळाच्या झोपडीत टांगलेले कुत्र्याचे मांस. ऋषी ते चोरायला रात्री शिरतात, चांडाळ जागा होतो आणि उलट तोच त्यांना धर्म सांगू लागतो. बराच वाद होऊन ऋषी मांस घेऊन जातात. भीष्मांच्या मते जीव वाचवण्यासाठी ते योग्यच होते. धर्मराज हादरतो. हे घोर कर्मही जर चालते, तर मग न ओलांडायची अशी एखादी मर्यादा उरते की नाही, असे तो विचारतो. मान डोलावून पुढच्या मुद्द्याकडे गेला असता तर आपण त्याला साधा लेखनिक म्हटले असते. उत्तरात अडकणे, तिथेच थांबणे, हे त्याला येत होते.

म्हणूनच त्याने न विचारलेला प्रश्न अधिक खटकतो.

द्यूतसभेत द्रौपदीने विचारले होते की स्वतःला आधी हरलेला माणूस बायकोला पणाला लावू शकतो का. सभेत भीष्म होते. धर्माची गती सूक्ष्म आहे, हरलेल्याला दुसऱ्याचे धन लावता येत नाही, पण स्त्री नवऱ्याच्या अधीन असते, तेव्हा मला निर्णय करता येत नाही, असे त्यांनी सांगितले. कौरवांतला धाकटा विकर्ण उभा राहून हा अन्याय आहे म्हणाला, विदुर बोलला, राज्याचा आधारस्तंभ मात्र शब्दार्थांत गुंतला. शांतिपर्वात राजाने अबलांचे रक्षण कसे करावे हे सांगणारा माणूस तो हाच. अन्याय डोळ्यांसमोर चालला असताना तुम्ही कारभार हाती का घेतला नाहीत, हा एक प्रश्न विचारला की सगळा राजधर्म कसाला लागला असता.

धर्मराज भिडस्त होता म्हणून राहिले, असे म्हणता येत नाही. युद्धाच्या पहिल्या सकाळी चिलखत उतरवून तो पायी शत्रूच्या फौजेत शिरला होता आणि भीष्मांच्या पाया पडून, तुम्हाला जिंकायचे कसे, असे त्याने थेट विचारले होते. भीष्मांनी तेव्हा कबूल केले की माणूस अर्थाचा दास असतो, कौरवांच्या धनाने मी बांधला गेलो आहे. बाकीचे नंतर ये तेव्हा बघू. नवव्या रात्री तो पुन्हा गेला, पुन्हा तेच विचारले, आणि शिखंडीला पुढे करण्याची युक्ती घेऊन आला. तुम्हाला मारायचे कसे, हे आजोबांना दोनदा विचारताना ज्याची जीभ अडखळली नाही, त्याला सभेतल्या त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढता आले नाही.

कारण त्याच सभेत दडलेले आहे. द्रौपदीच्या प्रश्नाचा चेंडू फिरत फिरत अखेर कोणाकडे गेला? भीष्मांनीच म्हटले होते की या प्रश्नात युधिष्ठिरच प्रमाण आहे, जिंकली गेली की नाही ते त्याने सांगावे. युधिष्ठिर गप्प बसला. पणही त्यानेच लावला होता. तेव्हा कुरुक्षेत्रावर ‘तुम्ही का बोलला नाहीत’ असे विचारताच बाणांवरून उलट प्रश्न आला असता, ‘आणि तू?’ मुलाखतकार आणि मुलाखत देणारा, दोघेही एकाच मौनाचे भागीदार. अशा वेळी सगळे विषय निघतात, तो एक सोडून.

लोकांना हे सहन झाले नाही. म्हणून कीर्तनांत एक गोष्ट आली. भीष्म धर्म सांगत असताना द्रौपदी हसते. भीष्म कारण विचारतात. ती म्हणते, हे ज्ञान त्या दिवशी कुठे होते? भीष्म सांगतात, दुर्योधनाच्या अन्नाने रक्त बिघडले होते, बाणांनी ते वाहून गेले, आता बुद्धी स्वच्छ झाली. चिकित्सक आवृत्तीच्या शांतिपर्वात ही गोष्ट नाही. पण ज्या कीर्तनकाराने ती प्रथम सांगितली, त्याला मुलाखतीतली गाळलेली जागा बरोबर दिसली होती. प्रश्न त्याने धर्मराजाच्या तोंडी घातला नाही. त्या सभेत जिचे काहीच चुकले नव्हते, तिच्या तोंडी घातला. उत्तर मात्र पचायला जड आहे. अन्नाला दोष देऊन माणूस नामानिराळा राहतो.

आजच्या मुलाखतकाराची गोची फार वेगळी नाही. समोरचा नेता ज्या बँकेचा, कारखान्याचा, शिक्षणसंस्थेचा कारभार पाहतो, तिच्या जाहिराती आपल्याच अंकात असतात. कधी नाते असते, कधी गाव एक. म्हणून अशा भेटीआधी संस्थेचे वार्षिक अहवाल आणि सभांची इतिवृत्ते वाचण्याला पर्याय नाही. इतिवृत्तात बहुतेक ठिकाणी ‘साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर’ एवढीच ओळ असते. त्या ओळीत कोण कोण गप्प बसले, हे तारीख धरून विचारता येते. ‘नेतृत्व म्हणजे काय’ याला तासभर पुरेल असे भाषण तयार असते. ‘अमुक तारखेला तुम्ही सभेत होता, ठराव चुकीचा आहे हे तुम्हाला दिसत होते, मग काय केलेत’ याला भाषण नसते. आणि हा प्रश्न कागदावर लिहिताना विचारणाऱ्याचा हात थांबला, तर तो का थांबला हेही त्याला तिथेच कळते.

मग अधिकार नको म्हणणारा त्याच्या पापातून सुटतो का? भीष्म सुटले नाहीत, असेच महाभारत वाचून म्हणावे लागते. गादी सोडून त्यांनी फक्त जाब देण्याची जागा सोडली. धर्मराजही वनात गेला असता म्हणून सुटला नसता. पण गादीवर बसला म्हणूनही त्याला शांती मिळाली नाही. उत्तरायण लागले, बाणांवर अठ्ठावन्न रात्री काढून भीष्म गेले, आणि गंगेच्या काठी हा पुन्हा शोकाने कोसळला. राजधर्म ऐकलास, मोक्षधर्म ऐकलास, तरी पोरासारखा पुन्हा गोंधळतोस, असे व्यासांनी त्याला फटकारले. तो उठला. राज्य केले, छत्तीस वर्षे.

त्यांतली पहिली पंधरा वर्षे धृतराष्ट्र हस्तिनापुरातच होता आणि धर्मराज प्रत्येक गोष्ट त्याला विचारून करी. वनात जाण्याआधी त्या आंधळ्या राजाने, ज्याच्या डोळ्यांदेखत सगळा कारभार बुडाला होता त्याने, नातेवाइकांच्या श्राद्धासाठी धन मागितले. श्राद्ध करायच्या नावांत भीष्मही होते. विदुर निरोप घेऊन आला. अर्जुन लगेच तयार झाला. भीम भडकला. भीष्मांचे श्राद्ध आम्ही करू, म्हणाला. आम्ही मृगाजिने नेसून द्रौपदीसह वनात निघालो, तेव्हा या राजाची माया कुठे होती? आणि भीष्म-द्रोण तेव्हा कुठे होते?

इतक्या वर्षांनी तो प्रश्न कोणीतरी मोठ्याने विचारला होता. धर्मराजाने भीमाला दरडावून गप्प बसायला सांगितले, आणि विदुराकडे वळून निरोप दिला की राजाला हवे तेवढे धन माझ्या स्वतःच्या भांडारातून घेऊ दे, भीमाच्या वाट्यातले नको.